सल्ला न देणारा समुपदेशक नेमकं काय करतो?

'समुपदेशन' या शब्दाच्या पोटात 'उपदेश' आहे आणि घोळ तिथूनच सुरू होतो. आपण अडचण सांगायची, समोरच्या जाणकार माणसाने ती ऐकून घ्यायची आणि मग काय करायचं ते सांगायचं, असं मनात धरूनच माणूस पहिल्या सेशनला जातो. पन्नास मिनिटं बोलून बाहेर पडतो तेव्हा हातात एकही सूचना नसते. "नुसतं ऐकून घेतलं, मधूनमधून हं हं केलं. यासाठी पैसे मोजायचे?" ही तक्रार मी इतक्या जणांकडून ऐकली आहे, की तिला नीट उत्तर द्यावं असं फार दिवसांपासून मनात होतं.

तक्रार खोटी नाही. सल्ला खरोखरच दिलेला नसतो. पण जो थेरपिस्ट समजून-उमजून सल्ला द्यायचं टाळतो, तो त्या वेळात मोठं कष्टाचं काम करत असतो. बाहेरून ते दिसत नाही, एवढंच. या पद्धतीला क्लायंट-केंद्रित किंवा व्यक्तिकेंद्रित थेरपी म्हणतात. आज जगभरात समुपदेशनाचं जे प्रशिक्षण दिलं जातं, त्यात ऐकण्याचे सुरुवातीचे धडे बहुतेक ठिकाणी इथूनच आलेले असतात, मग पुढे थेरपिस्ट कोणत्याही पद्धतीने काम करो.

दारातून परत आलेली आई

ही पद्धत मांडली कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने. त्यांचा जन्म 1902 चा. कॉलेजात गेले ते शेतकी शिकायला, तिथून इतिहासाकडे वळले, पाद्री होण्यासाठी धर्मशास्त्राच्या शाळेत गेले आणि शेवटी मानसशास्त्रात स्थिरावले. 1928 पासून बारा वर्षं त्यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात अडचणीतल्या मुलांसाठी काम केलं. तिथला एक प्रसंग त्यांनी स्वतःच लिहून ठेवला आहे. मला विचाराल तर अख्खी पद्धत त्या एका प्रसंगात आहे.

एक आई आपल्या दांडगट मुलापायी त्यांच्याकडे येत असे. रॉजर्स यांचं निदान पक्कं होतं: या बाईने मुलाला लहानपणी मनापासून स्वीकारलंच नाही, सगळ्याचं मूळ तिथे आहे. सेशनमागून सेशन ते हे तिला हळुवारपणे पटवू पाहत होते. तिला ते पटेना, आणि काही पुढेही सरकेना. शेवटी त्यांनी सांगून टाकलं, की आपण दोघांनी प्रयत्न केला, पण जमलं नाही, तेव्हा इथेच थांबू. तिनेही मान्य केलं. निरोप घेऊन ती दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "तुम्ही इथे मोठ्या माणसांना समुपदेशनासाठी घेता का?" ते "हो" म्हणाले. तशी ती परत येऊन त्याच खुर्चीत बसली आणि आपल्या मोडकळीला आलेल्या संसाराबद्दल, हताशपणाबद्दल, फसलेपणाबद्दल बोलत सुटली. आतापर्यंत तिने दिलेल्या कोरड्या 'माहिती'शी या बोलण्याचं काही नातं नव्हतं. खरी थेरपी तिथे सुरू झाली, आणि पुढे मुलाचंही वागणं सुधारलं.

रॉजर्स यांनी यातून जे उचललं ते असं: दुखतंय कुठे, कोणत्या दिशेने जायचं, काय खोल गाडलं गेलंय, हे ज्याचं त्यालाच माहीत असतं. आपल्या हुशारीचं प्रदर्शन करायची गरज नसेल, तर दिशा क्लायंटवर सोपवलेली बरी.

11 डिसेंबर 1940 रोजी मिनेसोटा विद्यापीठात त्यांनी हे विचार व्याख्यानातून मांडले. त्या काळी मानसोपचारात येणाऱ्याला 'रुग्ण' म्हणायची पद्धत होती. रॉजर्स 'क्लायंट' म्हणू लागले. रुग्ण म्हटलं की आजार एकाचा आणि ज्ञान दुसऱ्याचं, ही वाटणी आपोआप होते. ती त्यांना मोडायची होती. बंद दाराआडच्या या कामाबद्दल त्यांनी गुप्तताही ठेवली नाही. क्लायंटची ओळख राखून त्यांनी सेशन्सचं ध्वनिमुद्रण केलं आणि 1942 च्या पुस्तकात एका क्लायंटची आठही सेशन्स शब्दन् शब्द छापली. थेरपिस्ट कुठे चुकला, कुठे घाईने बोलला, हे कोणीही वाचून तपासावं, असा मोकळेपणा त्या क्षेत्रात तोवर नव्हता.

तळघरातले बटाटे

दिशा क्लायंटवर सोपवायची म्हणजे त्याच्यात ती शोधण्याची धमक आहे हे आधी मानायला हवं. रॉजर्स हे मानत होते, आणि त्यासाठी ते लहानपणची एक आठवण सांगत. हिवाळ्यासाठी साठवलेले बटाटे त्यांच्या घरी तळघरात ठेवलेले असत. लहानशी खिडकी पार वर. माती नाही, पाणी नाही, उजेड असून नसल्यासारखा. तरीही त्या बटाट्यांना कोंब फुटत. जमिनीतल्या कोंबासारखे हिरवे, सशक्त नव्हेत, तर पांढुरके, लांबुडके, वाकडेतिकडे. पण दोन-दोन, तीन-तीन फूट वाढत ते खिडकीच्या दिशेनेच जात. त्यांचं झाड कधी होणार नव्हतं. तरी ते उजेडाकडे जायचं सोडत नव्हते.

विचित्र वागणाऱ्या, तुटलेल्या माणसांबरोबर काम करताना आपल्याला ते कोंब आठवतात, असं रॉजर्स म्हणत. वाकडी वाढ म्हणजे बियाण्याचा दोष नव्हे. मिळेल त्या अंधारात जगण्याची ती धडपड असते. एकदा असं पाहायला लागलं, की थेरपिस्टचं काम बदलतं. कोंब ओढून सरळ करायचा नसतो, उजेड आणि माती पुरवायची असते.

ही माती म्हणजे काय, हे त्यांनी 1957 च्या एका शोधनिबंधात सहा अटींमध्ये मांडलं. त्यातल्या तीन थेरपिस्टच्या वागण्याशी संबंधित आहेत आणि त्याच प्रसिद्ध झाल्या: विनाअट स्वीकार, समानुभूती आणि खरेपणा. शब्द मोठे आहेत, म्हणून एकेक उलगडून पाहू.

विनाअट स्वीकार समजायचा तर आधी अटी पाहाव्या लागतात. "शहाणं बाळ रडत नाही." "एवढे मार्क मिळाले, आता कशी माझी मुलगी शोभतेस!" हे कुणी दुष्टपणाने बोलत नाही. पण मूल त्यातून शिकतं, की मी रडलो नाही तर आवडतो, पहिली आले तर हवी असते. पुढे ही तपासणी बाहेरच्यांनी करायची गरजच उरत नाही. आपणच आपल्याला तपासत राहतो. जे अटीत बसत नाही, मग तो राग असो, मत्सर असो की थकवा, ते आपलं नाहीच असं धरून चालतो. म्हणूनच थेरपिस्टकडे येऊन चार सेशन्स झाली तरी माणूस "मला राग असा येतच नाही" म्हणतो आणि त्याच वेळी त्याची मूठ वळलेली असते.

या माणसाला अशी एक जागा मिळते, जिथे काहीही बोललं तरी त्याची किंमत उतरत नाही. आईचं आजारपण काढून थकलेली मुलगी म्हणते, "कधी कधी वाटतं, संपावं एकदाचं हे." घरात हे वाक्य उच्चारायची सोय नाही. थेरपिस्टच्या कपाळावर आठी पडत नाही, आणि "असं बोलू नये" असंही तो म्हणत नाही. याचा अर्थ त्याने त्या विचारावर पसंतीची मोहोर उठवली असा नाही. स्वीकार माणसाचा असतो. त्याची प्रत्येक कृती योग्य ठरवण्याशी त्याचा संबंध नाही. हा फरक नीट कळला नाही की ही पद्धत 'सगळं चालतं' म्हणणारी वाटू लागते.

एक चुकीचं वाक्य, आणि त्याचा उपयोग

समानुभूतीचं नुसतं वर्णन करण्यापेक्षा एक संवादच समोर ठेवते. तो काल्पनिक आहे, पण असं बोलणं रोज कुठे ना कुठे घडत असतं. चाळिशीचा एक गृहस्थ सांगतो आहे:

"वडील जाऊन चार महिने झाले. सगळे म्हणतात, तू फार खंबीर राहिलास. आईला सांभाळलंस, कागदपत्रं उरकलीस. मी रडलोसुद्धा नाही, मॅडम."

यावर मित्र म्हणेल, "रडून घे, मोकळा होशील." हा सल्ला. नातेवाईक म्हणतील, "काळ हेच औषध." हा धीर. थोडं मानसशास्त्र वाचलेलं कोणी म्हणेल, "तू दुःख दाबून टाकतोयस." हे निदान. तिघांच्याही पोटात मायाच आहे. पण तिन्ही वेळा बोलण्याचा लगाम त्याच्या हातून निसटतो, आणि त्याने फक्त मान डोलवायची उरते. धीर देण्याबद्दल मला विशेष वाटतं, कारण ते आधारासारखं दिसतं. "होईल सगळं ठीक" हे वाक्य पुष्कळदा ऐकणाऱ्याची अस्वस्थता मिटवण्यासाठी असतं. बोलणाऱ्याचं दार त्याने हळूच लागतं.

थेरपिस्ट म्हणते, "सगळे खंबीर म्हणतात... आणि तुम्ही आतून दमून गेलाय, असं काही?"

"दमलो नाही." तो थांबतो. "दमलो नाही हो. एकटा पडलोय. म्हणजे घरात माणसं आहेत. पण खंबीर म्हटल्यावर कुणी विचारतच नाही."

"खंबीर म्हटलं, की तुमची विचारपूस करायची गरजच संपली."

"हो." आणि मग बराच वेळ कोणीच बोलत नाही. "बाबा विचारायचे. रोज फोन करून. जेवलास का, एवढंच."

थेरपिस्टचं पहिलं वाक्य चुकलं होतं. तो दमलेला नव्हता. तरी ते वाक्य कामी आलं, कारण ते निकालासारखं नव्हतं, चाचपून पाहिल्यासारखं होतं. ते पडताळण्यासाठी त्याला आत डोकवावं लागलं, आणि तिथे त्याला आपला शब्द सापडला. समोरच्याचं बोलणं पुन्हा म्हणून दाखवायचं, ही या पद्धतीची ओळख झाली आहे, आणि तिची पोपटपंची करणारेही खूप आहेत. रॉजर्स यांना त्याचा त्रास होत असे. 1986 मध्ये त्यांनी लिहिलं, की मी भावनांचा आरसा धरत नसतो, मला जे समजलंय ते बरोबर आहे का हे क्लायंटला विचारत असतो.

दुसरी गोष्ट त्या शांततेची. तिथे थेरपिस्टने एखादं समजूतदार वाक्य टाकलं असतं, तर वडिलांचा तो रोजचा फोन बाहेर आलाच नसता. गप्प बसणं हे इथलं काम आहे, आणि शिकायला सगळ्यांत जास्त वेळ त्यालाच लागतो.

सहानुभूती आणि समानुभूती यांतला फरकही इथेच दिसतो. सहानुभूती काठावर उभी राहून हळहळते. समानुभूतीत थेरपिस्ट समोरच्याचं जग त्याच्या डोळ्यांनी पाहायला जातो, जणू ते आपलंच आहे असं समजून. यातल्या 'जणू'वर रॉजर्स यांचा फार भर होता. तो 'जणू' हातचा सुटला, की थेरपिस्टही त्याच दुःखात गटांगळ्या खाऊ लागतो, आणि मग आधार कोणी कोणाला द्यायचा?

खरेपणाबद्दल थोडक्यात सांगता येईल, पण तो नसेल तर वरचं सगळं पोकळ ठरतं. मनात एक आणि तोंडावर दुसरं असेल तर ते समोरच्याला कळतंच. कंटाळा आला असताना डोळ्यांत माया आणणारा थेरपिस्ट क्लायंटला घरच्यासारखाच आणखी एक मुखवटा दाखवत असतो. म्हणून मनात येईल ते सगळं बोलायचं असंही नाही. वारंवार मनात येणारी आणि या नात्याशी संबंध असलेली गोष्ट जपून बोलायची.

यंत्रालाही हे जमेल का?

1966 मध्ये एमआयटीतले संगणकशास्त्रज्ञ जोसेफ वायझेनबॉम यांनी 'एलायझा' नावाच्या संगणक प्रोग्रामची माहिती प्रसिद्ध केली. टाईप केलेलं वाक्य थोडं फिरवून प्रश्नाच्या रूपात परत करणं, एवढंच त्याला येत होतं. त्यासाठी वायझेनबॉम यांनी मुद्दाम रॉजर्स यांच्या धाटणीच्या थेरपिस्टची भूमिका निवडली, कारण तिथे यंत्राला जगाबद्दल काही माहीत नसलं तरी निभावतं. त्यांच्या सेक्रेटरीला हा प्रोग्राम कसा बनला हे ठाऊक होतं. तरी थोडा वेळ त्याच्याशी बोलल्यावर तिने वायझेनबॉम यांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं. ते पाहून ते हादरले.

काहींना यात या पद्धतीचा पराभव दिसतो. मला त्यात माणसाची भूक दिसते. मध्येच न तोडता, नावं न ठेवता ऐकणारं कोणी माणसाला इतकं क्वचित भेटतं, की त्याचा नुसता आभासही त्याला धरून ठेवतो. पण आपला अंदाज चुकला हे एलायझाला कळत नव्हतं. 'दमलो नाही, एकटा पडलोय' यातलं अंतर तिला दिसलं नसतं.

पुरावा काय म्हणतो

रॉजर्स नुसते सद्भावनेवर विसंबून राहिले नाहीत. शिकागो विद्यापीठात असताना त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लायंटना 100 वाक्यांची पत्ते-वजा कार्डं दिली: 'मी सहज मिसळतो', 'मला स्वतःचा तिटकारा येतो' अशा प्रकारची. ती एकदा 'मी जसा आहे' त्याप्रमाणे लावायची आणि एकदा 'मला जसं व्हायचंय' त्याप्रमाणे. दोन मांडण्या किती जुळतात ते मोजलं; पूर्ण जुळल्या तर 1, काहीच मेळ नसेल तर 0. 1954 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात थेरपीआधी जुळणी शून्याच्या आसपास होती आणि थेरपीनंतर सरासरी 0.34 झाली. थेरपीची गरज न वाटणाऱ्या माणसांमध्ये ती 0.58 होती. म्हणजे दरी बुजली नाही, पण निम्म्याहून जास्त भरली. अभ्यास लहान होता, पण मोजायची तयारी होती, हे महत्त्वाचं.

नंतरच्या काळात संशोधकांचं लक्ष थेरपिस्ट आणि क्लायंट यांच्यातल्या नात्याकडे गेलं. 2018 मध्ये 295 अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर दिसलं, की हे नातं जितकं घट्ट, तितका थेरपीचा परिणाम चांगला, मग पद्धत कोणतीही असो. हा संबंध मध्यम ताकदीचा आहे, पण पुन्हा पुन्हा सापडतो.

दुसरी बाजूही सांगायला हवी. इंग्लंडमध्ये नैराश्य असलेल्या 510 जणांवर झालेली चाचणी 2021 मध्ये प्रसिद्ध झाली. व्यक्तिकेंद्रित थेरपीचं एक रूप आणि विचार-वर्तन बदलावर भर देणारी सीबीटी यांची त्यात तुलना होती. सहा महिन्यांनी दोन्ही बरोबरीत होत्या, बारा महिन्यांनी सीबीटी थोडी पुढे गेली. त्याआधी 1966 मध्ये चार्ल्स ट्रुआक्स यांनी खुद्द रॉजर्स यांच्या सेशन्सची ध्वनिमुद्रणं तपासली. क्लायंट ठरावीक प्रकारचं काही बोलला की रॉजर्स यांचा ओलावा नकळत वाढतो, असं त्यांना आढळलं. म्हणजे अजिबात दिशा न देणं हे रॉजर्स यांनाही पूर्णपणे साधलं नव्हतं. मला यात लपवण्यासारखं काही वाटत नाही. थेरपिस्टचा चेहरासुद्धा काहीतरी सुचवत असतो, हे त्याने स्वतःशी मान्य करावं, इतकंच.

काही त्रासांत हे एवढं पुरतही नाही. वारंवार हात धुण्यासारख्या, मंत्रचळ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ओसीडीत किंवा तीव्र भयगंडात, भीती वाटते त्या गोष्टीला ठरवून, पायरीपायरीने सामोरं जायला लावणारे उपचार जास्त गुणकारी ठरले आहेत. भास होत असतील, वास्तवाचं भान सुटत असेल, तर मनोविकारतज्ज्ञ आणि औषधं लागतात. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांबरोबर रॉजर्स यांनी विस्कॉन्सिनमध्ये केलेल्या कामाचे निष्कर्षही निराशाजनक होते. आणि जिवाला धोका असेल तिथे थेरपिस्ट क्लायंटच्या गतीची वाट पाहत बसत नाही. "आत्महत्येचे विचार येतात का?" असं तो स्पष्ट विचारतो. असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. गोपनीयता कोणत्या परिस्थितीत मोडावी लागेल, हेही पहिल्याच भेटीत सांगितलेलं असलं पाहिजे.

सेशनला जाणार असाल तर

तुम्हाला सल्ला हवा असेल तर तसं मोकळेपणाने सांगा. "तुम्हीच सांगा ना, मी नोकरी सोडू की नको?" असं विचारणं गैर नाही. चांगला थेरपिस्ट प्रश्न उडवून लावणार नाही. तो कदाचित म्हणेल, "उत्तर बाहेरून मिळावं इतकं हे आता जड झालंय." कायद्याची, औषधाची, कुठे जाऊन काय करायचं याची माहिती हवी असेल, तर ती तो सरळ देईल. क्लायंट-केंद्रित असणं म्हणजे माहिती दडवणं नव्हे.

दोन-तीन भेटींनंतर एक गोष्ट स्वतःशी पाहा. तिथे बोलताना तुम्ही वाक्यं घासून-पुसून, बरी दिसतील अशी मांडताय, की ती तुटक, अर्धवट येऊ लागली आहेत? तुटक येऊ लागली असतील तर काम सुरू झालं आहे. चार-सहा भेटींनंतरही तपासणीला बसल्यासारखं वाटत असेल, तर ते थेरपिस्टला सांगा. तरीही फरक पडला नाही, तर दुसरा थेरपिस्ट शोधण्यात कृतघ्नपणा नाही.

आणि त्याने तुमचं म्हणणं चुकीचं पकडलं, तर भिडेखातर "हो, तसंच" म्हणू नका. "नाही, तसं नाही" म्हणा, आणि त्यावर तो काय करतो ते पाहा. तो आपलंच वाक्य पुढे रेटतो, की थांबतो आणि म्हणतो, "मग कसं आहे ते?"